आठ जणांत एक जातं

आमच्या भागात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. तो शिपाई म्हणून गेलेला असो, ड्रायव्हर म्हणून असो की बँडमध्ये ढोल वाजवायला. काळी ट्रंक घेऊन एसटीतून उतरला की मेजर. अणदूरच्या चहाच्या टपरीवर कुणी "ओ मेजर" अशी हाक मारली तर एका वेळी चार माना वळतात. त्यांत एक माझी असते.

मी फौजेत लांगरी होतो. तिकडं स्वयंपाकघराला लंगर म्हणतात आणि स्वयंपाक करणाऱ्याला लांगरी. हे वाक्य इतकं सरळ लिहायला मला अर्धा जन्म लागला, म्हणून ते आधीच लिहून मोकळा होतो. नोकरीची सगळी वर्षं मी शे-सव्वाशे माणसांची कणीक मळली, परातीएवढ्या कढयांत पुऱ्या तळल्या आणि उंचावरच्या चौकीवर बर्फ वितळवून त्याच्यात डाळ शिजवली. रायफल मलाही शिकवली होती, नेमही वाईट नव्हता, पण ती कुणावर चालवायची वेळ आली नाही.

गावाला यातलं काही माहीत नव्हतं. निवृत्त होऊन आलो त्या दिवशी लोकांनी हलगी लावून ट्रॅक्टरवरून माझी मिरवणूक काढली. फेटा बांधता बांधता एकानं विचारलं, "मेजर, किती पाडले?" मी नुसता हसलो. फौजी हसला की लोकांना वाटतं, पुष्कळ पाडले असणार, पण माणूस बढाईखोर नाही. ट्रॅक्टरवर उभं राहून "मी पुऱ्या तळत होतो" असं सांगायला छाती लागते. चुलीपुढं बसणाऱ्या बाप्याची आमच्याकडं काय टर उडवतात ते मला ठाऊक होतं, आणि तेवढी छाती माझ्याकडं नव्हती.

एकदा गप्प बसलं की पुढं गप्पच बसावं लागतं. संशय नको म्हणून मी घरात स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नसे. पण आमटीत मीठ कमी आहे हे ताट समोर यायच्या आत वासावरून कळायचं आणि बोलल्याशिवाय राहवायचं नाही. बायकोला सगळं माहीत होतं. ती म्हणायची, "इतकं कळतंय तर या की आत." एका पावसाळ्यात ती तापानं आठ दिवस अंथरुणाला खिळली, सून माहेरी गेलेली. मी स्वयंपाक केला, पण दार लावून. शेजारीण म्हणाली, "काय घमघमाट सुटलाय, कोण करतंय?" तर ही आजारी बाई अंथरुणातून ओरडून सांगते, "माझी बहीण आलीया!" बहीण आठ दिवसांत एकदाही बाहेर का आली नाही, हे त्या शेजारणीनं मोठ्या मनानं विचारलं नाही.

हे असंच चालून गेलं असतं, पण नात मोठी झाली. ती सहावीत आहे. तिच्या कंपासपेटीच्या झाकणात आतून माझा वर्दीतला फोटो चिकटवलेला होता, हातात रायफल घेतलेला. शाळेत कुणाशी भांडण झालं की ती म्हणायची, "आमच्या आबांना सांगीन. बॉर्डरवर लढलेत ते." ती तसं म्हणताना माझ्याकडं जशी बघायची, तसं माझ्याकडं कुणीच कधी बघितलं नव्हतं. सगळ्या गावाला कळलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. या एका पोरीच्या नजरेतून उतरायची मात्र मला खरोखर भीती होती.

अशात एका संध्याकाळी शाळेतल्या मॅडम घरी आल्या. उमरग्याकडच्या आहेत, वयानं लहान, बोलायला खणखणीत.

"मेजर, मुलांना सैनिकाचं आयुष्य समजावून द्यायचंय. तुम्ही आठवडाभर शाळेत याल का?"

"कुठल्या सैनिकाचं?" मी विचारलं.

"रोमन सैनिकाचं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या."

मला राग लवकर येतो. मी म्हणालो, "आपल्या मावळ्यांनी तुमचं काय घोडं मारलंय, मॅडम?"

त्या हसल्या. "मावळे पोरांच्या घरचेच आहेत. घरच्यांची काय ओळख करून द्यायची? मागच्या महिन्यात आम्ही तेरला सहलीला गेलो होतो. आपल्या तेरचा माल त्या काळी जहाजातून पार रोमपर्यंत जायचा, हे कळल्यापासून पोरं मला सोडेनात. तिकडची माणसं कशी होती, सैन्य कसं होतं. आता सांगायला नको?"

नात दारातच उभी होती. माझ्या आधी तिनंच उत्तर दिलं, "आमच्या आबांना सैन्यातलं सगळं म्हाईत हाय."

मॅडमनी दहा-बारा छापील कागद हातात दिले आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर चष्मा लावून बसलो. मनात म्हटलं, तलवारी, भाले, रक्ताचे पाट. वाचू आणि सांगू, आपलं काय जातंय. पण त्या कागदांत लढाई शोधावी लागत होती. पाठीवर ओझं घेऊन दिवसाला नऊ-दहा कोस चालायचं. मुक्कामाला पोचलं की बसायचं नाही, तळाभोवती खंदक खणायचा. आंबलेली दारू पाण्यात घालून प्यायची. चपलांना खालून खिळे. आणि मग ते वाक्य आलं: आठ सैनिकांचा एक गट, आठ जणांत एक तंबू, एक खेचर आणि एक जातं.

जातं! मी चष्मा पुसून परत वाचलं. त्यांना पीठ मिळत नसे, गहू मिळत. ते स्वतः दळायचे, मळायचे आणि निखाऱ्यावर भाजून खायचे. त्या आठ जणांसाठी वेगळा स्वयंपाकी नाही. म्हणजे जगातलं एवढं दांडगं सैन्य, आणि सगळे लांगरी! मी इतक्या जोरात हसलो की बायको पिठाच्या हातानं बाहेर आली. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुमच्याच गोतावळ्यातले निघाले की."

पुढच्या पानावर तर मजाच होती. कुणा सैनिकाला मोजे आणि चड्ड्या पाठवल्याचं लिहिलेली एक चिठ्ठी, लाकडाच्या पातळ फळीवरची, इतक्या वर्षांनी जमिनीत सापडली आहे. राजांची पत्रं मातीत गेली असतील, पण चड्ड्यांची चिठ्ठी राहिली. मला माझी आई आठवली. ती येणाऱ्या-जाणाऱ्या जवानाबरोबर शेंगदाण्याची चटणी पाठवायची, आणि डबा माझ्यापर्यंत पोचेस्तोवर वाटेत अर्धा व्हायचा.

सोमवारी मी शाळेत गेलो. वर्गात चोवीस मुलं, म्हणजे आठ-आठचे तीन गट बरोबर पडले. पहिल्या दिवशी चालणं शिकवलं. त्यात मी वाकबगार, कारण कवायत लांगऱ्यालाही चुकत नाही. दुसऱ्या दिवशी ढाली करायच्या होत्या. रोमन सैनिक ढाली एकमेकींना भिडवून, डोक्यावरही धरून चालायचे. वरून दगड पडो की बाण, आतला माणूस सुखरूप. त्या रचनेला कासवच म्हणायचे. पुठ्ठे पुरेनात. तेवढ्यात एक मुलगी घरून सूप घेऊन आली. बाक बरोबर, वजन हलकं. अर्ध्या तासात चोवीस सुपं जमली आणि भाले म्हणून तुराट्या.

कासव मैदानात निघालं. वरून मॅडम आणि मी बोरं फेकत होतो. पहिली सहा पावलं झकास गेली. मग मधल्या कुणाला तरी वाटलं, खाली पडलेली बोरं वाया कशाला घालवायची. तो वाकला, मागचा त्याच्यावर, त्याच्यावर त्याच्या मागचा. सगळं कासव उताणं झालं, आणि सुपांवर पाय पडले.

भिंतीपलीकडून एक म्हातारी हे बघत होती. ती तिथूनच कडाडली, "अवो मेजर! सूप म्हंजी लक्ष्मी हाय. तिला लाथा घालाय लावताव व्हय लेकरायला? आन् माझं सूप आधी द्या, तूर पाखडायची हाय!"

मी चूक कबूल केली. चोवीस सैनिकांना रांगेत उभं करून प्रत्येकाला आपापलं सूप कपाळाला लावायला सांगितलं आणि माफी मागायला लावली. रोमच्या इतिहासात असला प्रसंग घडला नसेल. नात पहिल्या रांगेत होती. तिनं सूप कपाळाला लावलं आणि माझ्याकडं बघून डोळा मारला.

शनिवारी जेवणाचा तास होता. मॅडमनी गहू आणले होते. लग्नात हळद दळण्यापुरती उरलेली तीन जाती गावातून जमवली, ती उचलून आणताना रोमन खेचराचं काम माझ्याकडं आलं. शाळेच्या मागं गोवऱ्या रचल्या. चंपाषष्ठी नुकतीच होऊन गेली होती, त्यामुळं जाड पिठाचा गोळा निखाऱ्यात भाजायचा म्हटल्यावर पोरांना एकदम कळलं. "आवं, ह्यो तर खंडोबाचा रोडगा!" एक जण ओरडला. मी म्हटलं, तोच. फक्त त्यांच्याकडं भरीत नव्हतं.

इथवर ठीक चाललं होतं. पण दळायची वेळ आली तशी पोरं मागं सरली. मुली जात्यापाशी बसल्या आणि पोरगे खिशात हात घालून उभे राहिले.

"दळण काय बाप्याचं काम हाय व्हय?" त्यातला एक म्हणाला.

"रोमन सैनिक दळायचे," मॅडम म्हणाल्या.

"त्यायच्या बायका दळत असतील."

"त्यांना लग्न करायची परवानगीच नव्हती."

 तेवढ्यात माझी नात उठली. मला वाटलं ही आता त्यांची खरडपट्टी काढणार. ती म्हणाली, "मॅडम, त्यांचं खरंय. आमचे आबा केवढे सैनिक हायत, पर चुलीला कधी हात बी लावला न्हाय. खरा सैनिक भाकऱ्या करत नसतो." आणि माझ्याकडं वळून अभिमानानं म्हणाली, "सांगा की आबा. किती शत्रू मारले ते बी सांगा."

चोवीस तोंडं माझ्याकडं वळली. मला हसून वेळ मारून नेता आली असती. इतकी वर्षं नेलीच होती. पण समोर एका पोरानं कणकेत पाणी जास्त घालून तिची लापशी करून ठेवली होती आणि मला ती बघवेना. मी खाली बसलो, बाह्या वर सारल्या, परात ओढली. वरून पीठ भुरभुरवलं, मुठी चालवल्या, गोळे तोडले. गोळे तोडून झाले तेव्हा सगळे पुढं सरकून परातीत बघत होते. चोवीसही गोळे एका मापाचे होते. ज्यानं घरात चार जणांपुरतं कधीमधी केलंय, त्याचे गोळे असे होत नाहीत. हे बारक्या पोरांनाही कळतं.

"पोरांनो," मी म्हणालो, "म्या फौजेत लांगरी व्हतो. सैपाक करायचो. एक बी माणूस मारला न्हाय. लढाई काय बारा महिने नसती, पर पोट बारा महिने असतं."

मग मात्र पोरांनी मला पळता भुई थोडी केली. बर्फात चूल पेटती का? एका दिवसात पुऱ्या किती? करपल्या तर साहेब मारतो का? रोडगा भाजला हे कसं ओळखायचं? मी टिचकी मारून दाखवली; आतून पोकळ आवाज आला की झाला. सगळे टिचक्या मारत सुटले. दळायला नको म्हणणारा पोरगा तर जात्याचा खुंटा सोडीना. मला इतकं मोकळं वाटत होतं की शेवटच्या गटाकडं माझं लक्षच गेलं नाही. तिथं नात रोडगा हातात धरून बसली होती. तिनं तो खाल्ला नव्हता.

घरी जाताना ती माझ्या पुढं वीस पावलं चालली. ओट्यावर पोचल्यावर एकदम वळली.

"खोटं का बोललाव?"

"म्या खोटं न्हाय बोललो. गप बसलो."

"म्या सगळ्यायला सांगत व्हते. तुमी ऐकत व्हताव आन् गप बसलाव. त्ये खोटंच की."

 साठी उलटलेला माणूस अकरा वर्षांच्या पोरीपुढं उभा होता आणि ती बरोबर होती. "व्हय," मी म्हणालो, "चुकलं माझं." ती आत गेली. संध्याकाळी तिची कंपासपेटी उघडी दिसली. फोटो नव्हता, चार कोपऱ्यांवर डिंकाचे पांढरे डाग होते.

बायको म्हणाली, "धीर धरा. पोरगी तुमच्यावरच गेलीया, राग उतराय चार दिस लागत्यात." रविवारी मी उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात गेलो. आता लपवायला काही उरलं नव्हतं. दार सताड उघडं ठेवून पुऱ्या तळल्या. शेजारीण येऊन बघून गेली आणि म्हणाली, "आस्सं, ही व्हय तुमची बहीण." घर हसलं. नात हसली नाही. बोलली नाही. पण सहा पुऱ्या खाल्ल्या, त्या मी मोजल्या.

सोमवार गेला, मंगळवार गेला. शाळेत एक-दोघं तिला "भाकरी मेजरची नात" म्हणाले, असं सुनेकडून कळलं. त्या पोरांचे कान उपटावेत असं फार वाटलं. पण दोष त्यांचा नव्हता.

बुधवारी मॅडमनी मला बोलावलं, उद्यापासून सकाळची कवायत तुम्हीच घ्या म्हणाल्या. त्यांनी मुलांना एक पत्र लिहायला दिलं होतं: तुम्ही रोमन सैनिक आहात, घरी आईला चिठ्ठी लिहा. "बाकीच्यांनी तलवारी आणि राजा लिहिलाय," त्या म्हणाल्या, "हे एवढं तुम्ही वाचा." वही नातीची होती. मी झेंड्याच्या कट्ट्यावर बसून वाचलं. इथं जसंच्या तसं देतो, फक्त शुद्धलेखन सुधारलं आहे.

"आई, मी बरा आहे. आज नऊ कोस चाललो. मग खंदक खणला. आज भाजायची पाळी माझी होती. रोडगा एका बाजूनं करपला. सातही जणांनी खाल्ला, कुणी काही बोललं नाही. इथं लढाई अजून झाली नाही. पण तू गावात सांगतेस तसंच सांगत राहा, मी लढतो. भाकरी करतो म्हणून सांगू नको, लोक हसतात. घरी आल्यावर मी खरं सांगणार होतो, पण तू आधीच सगळ्यांना सांगून ठेवलंस, मग मला सांगता येईना. माझ्यावर रागावू नको. इथं फार थंडी आहे. मोजे पाठव."

मला रडू आलं. शाळेच्या मैदानात, भर दुपारी, लेझीम खेळणाऱ्या पोरांसमोर. मी स्वतःशीही जे कधी नीट बोललो नव्हतो, ते या पोरीनं दोन हजार वर्षं मागं जाऊन, परक्या मुलखातल्या कुणा सैनिकाच्या तोंडून लिहिलं होतं. मॅडम शहाण्या. त्या वर्गात निघून गेल्या.

घरी येऊन मी ट्रंक उघडली. तळाशी खाकी लोकरीचे मोजे होते, गुडघ्यापर्यंतचे, टाचेला दोनदा रफू केलेले. चौकीवर असताना त्यांच्याशिवाय मी कढईपुढं उभा राहिलो नसतो. ते झटकले, डांबराच्या गोळीचा वास जावा म्हणून उन्हात घातले आणि संध्याकाळी कुणाला न सांगता तिच्या दप्तरात वरच ठेवले.

सकाळी ती बाहेर आली तेव्हा ते तिच्या पायात होते. तीन-तीन घड्या घालूनही पोटरीवर फुगलेले. बुटात पाय मावेना, म्हणून वर चपला. आमच्याकडं मार्गशीर्षातही नऊ वाजता ऊन लागायला सुरुवात होते, पण ती ताठ मानेनं निघाली. मी कवायतीसाठी तिच्या मागून, बोलावं की नाही या विचारात.

पारावर चार माणसं बसली होती. त्यांतला एक म्हणाला, "काय गं, हे कुठलं सोंग? मेजरचे मोजे का?"

ती थांबली. "मेजर न्हाईत ते," ती सगळ्या पाराला ऐकू जाईल असं म्हणाली. "लांगरी व्हते. बरफात उभं राहून शंभर जणायला जेवू घालायचे. तवाचे मोजे हायत हे."

 ती मागं वळली. पाच दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघून म्हणाली, "चला की आबा, कवायत घ्यायची न्हाय का?"

मी भराभर पावलं उचलली.